वाटी, चमचा आणि ग्रॅम : लहान वजनामापांचे रूपांतर

वजन आणि आकारमान या दोन स्वतंत्र राशी आहेत, आणि एकीवरून दुसरी काढायची असेल तर ज्या पदार्थाचा हिशेब चालला आहे त्याची घनता ठाऊक असावी लागते. एक लिटर म्हणजे एक किलो हे समीकरण घरोघरी इतके रुळलेले आहे की ते केवळ पाण्यापुरते खरे आहे याचा विसर पडतो, आणि मग तेलाची पिशवी, दुधाची कॅन, पिठाची वाटी, औषधाचा चमचा, फवारणीचा पंप अशा ठिकाणी थोडाथोडा घोटाळा होत राहतो. यातला काही घोटाळा निरुपद्रवी असतो. काही मात्र पैशाला किंवा प्रकृतीला भोवतो. या लेखात रूपांतराची पद्धत सांगितली आहे, पण त्याहून अधिक भर कोणत्या ठिकाणी कोणते रूपांतर चालते आणि कोणते चालत नाही यावर आहे. (भौतिकशास्त्रात वजन हे बल मानतात आणि पदार्थाच्या राशीला वस्तुमान म्हणतात, बाजारात व घरात वजन हाच शब्द वस्तुमानासाठी चालतो आणि येथेही तो त्याच अर्थाने घेतला आहे.)

एकके मोजकीच आहेत. एक किलोग्रॅम म्हणजे १,००० ग्रॅम, एक ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम आणि एक मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम. त्याचप्रमाणे एक लिटर म्हणजे १,००० मिलिलिटर, आणि एक मिलिलिटर म्हणजे एक घन सेंटीमीटर, ज्याला दवाखान्यात आणि मोटारसायकलीच्या दुकानात सीसी म्हणतात. घनता म्हणजे एक मिलिलिटर जागेत पदार्थाचे किती ग्रॅम मावतात ती संख्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धत आखली गेली तेव्हा एक लिटर पाण्याचे वजन एक किलो यावे अशीच योजना होती. म्हणून पाण्याची घनता एक येते, तो योगायोग नाही. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बांधली गेली असली तरी घरगुती हिशेबात त्याने काहीच बदलले नाही. उन्हाळ्यातल्या ३० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा लिटर साधारण ९९६ ग्रॅम भरतो, आणि हा फरक स्वयंपाकघरात कोणाला जाणवण्याजोगा नाही.

सूत्र एकच : ग्रॅम बरोबर मिलिलिटर गुणिले घनता. उलट जायचे असेल तर ग्रॅमना घनतेने भागायचे. गुणायचे की भागायचे असा गोंधळ उडतो तेव्हा सूत्र आठवत बसण्यापेक्षा एक पडताळा करावा. पदार्थ पाण्यावर तरंगणारा असेल तर त्याच्या ग्रॅमचा आकडा मिलिलिटरच्या आकड्यापेक्षा लहान यायला हवा आणि तळाशी जाणारा असेल तर मोठा. तेल तरंगते, म्हणून लिटरभर तेल किलोपेक्षा कमी भरते. मध तळाशी बसतो, म्हणून अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो सातशे ग्रॅमच्या आसपास मावतो. उत्तर याच्या विरुद्ध आले तर गुणाकार आणि भागाकार यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे.

खाद्यतेलांची घनता ०.९१ ते ०.९२ आणि तुपाची सुमारे ०.९१ असते. म्हणूनच एक लिटरच्या तेलपिशवीवर ९१० ग्रॅम आणि एक लिटर तुपाच्या खोक्यावर ९०५ ग्रॅम असा जोड आकडा छापलेला दिसतो, आणि किलोच्या दराने तेल घेणाऱ्याने लिटरच्या दराशी तुलना करण्यापूर्वी लिटरचा दर ०.९१ ने भागून घेतला पाहिजे. लिटरला १४० रुपये म्हणजे किलोला सुमारे १५४ रुपये. तेल तापले की फुगते, त्यामुळे त्याची घनता उतरते. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९३ ग्रॅमपेक्षाही थोडा कमी भरतो. हीच गोष्ट हाताशी धरून काही पिशव्यांवर साठ अंशांचे आकारमान छापले जाई, म्हणजे लिटरचा आकडा कायम राही आणि आतले तेल कमी बसे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये तापमानाचा उल्लेख काढून आकारमान व त्यासोबत वजन छापण्याचे निर्देश दिले आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. ग्राहकाच्या दृष्टीने निष्कर्ष सरळ आहे : दोन पिशव्यांची तुलना करताना लिटर पाहू नये, ग्रॅम पाहावेत, कारण वजन तापमानाने बदलत नाही.

दुधाचा विषय याहून गुंतागुंतीचा आहे आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर पैशाचा व्यवहार होतो, म्हणून त्याकडे अधिक सविस्तर पाहणे योग्य ठरेल. गायीच्या दुधाची घनता साधारण १.०२८ ते १.०३० आणि म्हशीच्या दुधाची १.०३० ते १.०३२ असते. म्हणजे शंभर लिटर दूध सुमारे १०३ किलो भरते. दूध संकलन केंद्रावर काटा किलोत असेल आणि भाव लिटरला ठरलेला असेल, तर या तीन टक्क्यांचे काय होते हे उत्पादकाने विचारले पाहिजे. रोज वीस लिटर दूध घालणाऱ्याचे दूध काट्यावर २०.६ किलो भरते. त्याची नोंद २०.६ लिटर अशी झाली तर फायदा त्याचा, आणि मापाने वीस लिटर ओतून घेऊन वहीत वीस किलो लिहिले गेले तर महिन्याकाठी अठरा किलो दुधाचा हिशेब सुटतो. दोन्ही प्रकारांत लबाडी असेलच असे नाही, पुष्कळदा केवळ एककाकडे दुर्लक्ष असते, परंतु वहीतल्या रकान्याच्या माथ्यावर किलो लिहिले आहे की लिटर हे एकदा पाहून घ्यायला काही खर्च येत नाही.

दुधाची घनता मोजण्याचे साधन म्हणजे दुग्धमापी किंवा लॅक्टोमीटर. काचेची ही पोकळ नळी दुधात सोडली की घनतेनुसार कमी-अधिक बुडते आणि तिच्या दांड्यावरचा आकडा वाचतात. २८ वाचला तर घनता १.०२८. गावात यालाच दुधाची डिग्री म्हणतात. पाणी मिसळले की डिग्री उतरते : तीसच्या दुधात दहावा हिस्सा पाणी झाले तर ती सत्तावीसवर येते. मात्र डिग्री चांगली आहे म्हणजे दूध निर्भेळ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि याचे कारण घनतेच्या स्वरूपातच आहे. दुधातील स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका आणि स्निग्धांश सोडून उरलेले घटक, म्हणजे प्रथिने, दुग्धशर्करा व क्षार, पाण्यापेक्षा जड असतात. साय काढून घेतली की हलका भाग गेल्यामुळे डिग्री वाढून चौतीसच्या पुढे जाते, आणि मग त्यात आठवा हिस्सा पाणी घातले की ती पुन्हा तीसवर येऊन बसते. दोन अपहार एकमेकांना झाकतात आणि आकडा निष्पाप दिसतो. म्हणूनच संकलन केंद्रावर डिग्रीबरोबर फॅट मोजतात आणि दोहोंवरून एसएनएफ, म्हणजे स्निग्धेतर घनपदार्थ, काढतात.

दुग्धमापी वापरताना दोन पथ्ये पाळावीत. ते ज्या तापमानासाठी बनवलेले असते ते त्यावर लिहिलेले असते. दूध त्याहून गरम असेल तर आकडा कमी आणि थंड असेल तर जास्त दिसतो, म्हणून तापमापी जवळ ठेवून दुरुस्ती करावी लागते. दुसरे, नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि त्यामुळे डिग्री खोटी कमी दिसते. दूध थोडा वेळ निवू द्यावे, हलक्या हाताने ढवळावे आणि मग नळी सोडावी. घरी एक-दोन लिटर दूध घेणाऱ्याने दुग्धमापी विकत घेण्यात फारसा अर्थ नाही.

द्रवांची घनता निदान एका ठिकाणी स्थिर राहते. धान्य, पीठ, साखर यांच्या बाबतीत मात्र दाण्यादाण्यांमध्ये हवा असते, आणि मापात नक्की काय मोजले जाते हा प्रश्न उभा राहतो. साखरेच्या स्फटिकाची घनता १.५९ असते, पण वाटीत ओतलेल्या साखरेची मधल्या हवेसह मोजलेली घनता ०.८५ च्या आसपास येते. या दुसऱ्या घनतेला स्थूल घनता म्हणतात, आणि मृदाशास्त्रातही मातीसाठी हीच संज्ञा वापरतात. रूपांतराला उपयोगी पडते ती ही स्थूल घनताच. तांदूळ व डाळी साधारण ०.८, रवा ०.७, चाळलेली कणीक ०.५ ते ०.५५, बारीक मीठ १.२ असे तिचे ढोबळ आकडे आहेत. ढोबळ म्हणण्याचे कारण असे की वाटी ओट्यावर दोनदा आपटली की कणीक खाली बसते आणि त्याच वाटीत पाचवा हिस्सा जास्त मावते. खडेमीठ आणि दळलेले मीठ यांची वाटी सारखी भरत नाही, आणि जाड पोहे व पातळ पोहे यांच्यात तर तुलनाच नको.

जुन्या महाराष्ट्रात धान्याचा व्यवहार मापानेच चाले. दोन नेळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी, अशी ही दुपटी-चौपटींची साखळी होती. यातले शेर आणि मण हे शब्द वजनासाठीही होते : ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि चाळीस शेरांचा मण, म्हणजे सुमारे ३७.३ किलो. त्यामुळे जुन्या कागदांत मण वाचला की तो कैली, म्हणजे मापाचा, आहे की वजनी हे आधी ठरवावे लागते, आणि कैली असेल तर धान्य कोणते आणि गाव कोणते हेही, कारण पायली सर्वत्र सारखी नव्हती. शिवाय माप शीग लावून भरले की काठाशी सपाट केले यावरही पुष्कळ अवलंबून असे. जुन्या नोंदीतील खंडीचे थेट क्विंटलमध्ये रूपांतर करून पिकाच्या उताऱ्याविषयी ठाम विधाने केलेली अधूनमधून आढळतात. ती सावधपणे वाचावीत.

स्वयंपाकघरात आजही मापच चालते आणि ते चालावेही, कारण पाककृतीत बहुधा प्रमाण महत्त्वाचे असते, वजन नव्हे. अडचण येते ती वाटीवरून किलोवर जाताना. सत्यनारायणाच्या प्रसादाचे उदाहरण घेता येईल. रवा, साखर आणि तूप सव्वा-सव्वा वाटी घेतले तर आकारमान सारखे असते. त्याच न्यायाने मोठ्या पूजेसाठी तिन्ही जिन्नस सव्वा-सव्वा किलो आणले तर प्रमाण बदलते. सव्वा किलो रव्याला सुमारे १.८ लिटर जागा लागते, आणि तेवढ्याच जागेत साखर दीड किलो व तूप सुमारे १.६ किलो मावते. म्हणजे वजनी सव्वाचा प्रसाद वाटीच्या सव्वापेक्षा कमी गोड आणि बराच कोरडा होतो. दोन्ही रीती शास्त्राला धरूनच आहेत. फक्त घरची चव मोठ्या पातेल्यात उतरवायची असेल तर आचाऱ्याला यादी देताना वाटीचे आकडे ग्रॅममध्ये बदलून द्यावेत.

त्यासाठी प्रत्येक घराने आपली एक वाटी एकदा मोजून ठेवावी. वाटी काट्यावर ठेवून काटा शून्य करावा; इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यासाठी टेअर नावाची कळ असते आणि जुन्या तराजूवर याच कामासाठी भांड्याचा धडा करून घेत. मग वाटी काठोकाठ पाण्याने भरावी. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर त्या वाटीचे आकारमान. घरोघरच्या वाट्या शंभरापासून दोनशे मिलिलिटरपर्यंत काहीही निघतात. नंतर तीच वाटी कोरडी करून रवा, साखर, कणीक, बेसन, तांदूळ असे रोजचे जिन्नस आपल्या नेहमीच्या भरण्याच्या सवयीने भरून तोलावेत आणि आकडे फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावेत. कोणत्याही छापील तक्त्यापेक्षा हा तक्ता त्या घरापुरता अधिक अचूक ठरतो, कारण त्यात वाटी, दळण आणि भरणारा हात ही तिन्ही त्या घरचीच असतात.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांना आणखी एका भेदाकडे लक्ष द्यावे लागते. अमेरिकेतील कप सुमारे २४० मिलिलिटरचा, तर ऑस्ट्रेलियातील २५० मिलिलिटरचा असतो. टेबलस्पून अमेरिकेत व भारतात १५ मिलिलिटरचा, पण ऑस्ट्रेलियात २० मिलिलिटरचा. औंस हा शब्द तर तिथे दोन कामे करतो : वजनी औंस २८.३५ ग्रॅमचा आणि द्रव औंस अमेरिकेत २९.५७ मिलिलिटरचा. आठ द्रव औंसांच्या कपात मैदा जेमतेम सव्वाचार वजनी औंस मावतो. कृतीत नुसते औंस लिहिलेले असेल तर जिन्नस कोरडा आहे की पातळ हे पाहून अर्थ लावावा, आणि केक किंवा पाव यांसारख्या नाजूक प्रकारांत ग्रॅममध्ये दिलेली कृती शोधावी.

औषधाच्या बाबतीत घनतेचा पूल कामाला येत नाही, आणि हे न कळल्यामुळे होणाऱ्या चुका सर्वांत गंभीर असतात. मुलांच्या तापाच्या पातळ औषधावर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असे लिहिलेले असते तेव्हा त्या मिलिग्रॅमचा संबंध द्रवाच्या वजनाशी नसून त्यात विरघळलेल्या औषधाशी असतो; या संबंधाला तीव्रता म्हणतात. हेच औषध ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम अशा दुप्पट तीव्रतेतही मिळते, आणि तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. डॉक्टरांनी १२५ मिलिग्रॅम सांगितले असतील तर पहिल्या बाटलीतून ५, दुसरीतून २.५ आणि थेंबांच्या बाटलीतून केवळ १.२५ मिलिलिटर द्यावे लागते. मागच्या वेळी एक चमचा दिला होता म्हणून या वेळीही एक चमचा, असे बाटली बदलल्यावर करता येत नाही. चमचा म्हणजे ५ मिलिलिटर हे औषधशास्त्रातले ठरीव माप आहे. चहाच्या डब्यातला चमचा ते पाळत नाही. बाटलीबरोबरचे मापाचे टोपण किंवा औषधाच्या दुकानात मिळणारी सुईविना सिरिंज वापरावी. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक असतो, आणि थायरॉइडच्या गोळ्यांसारख्या काही औषधांची मात्रा मायक्रोग्रॅममध्येच लिहिलेली असते.

इन्सुलिनचे एकक याहून वेगळे. भारतात ४० युनिट प्रति मिलिलिटर आणि १०० युनिट प्रति मिलिलिटर अशा दोन्ही तीव्रतांचे इन्सुलिन मिळते, आणि त्यांच्या सिरिंजांवरच्या खुणा त्या-त्या तीव्रतेनुसार आखलेल्या असतात : सामान्यतः लाल टोपणाची सिरिंज चाळीसची आणि नारिंगी टोपणाची शंभरची. शंभरचे इन्सुलिन चाळीसच्या सिरिंजमध्ये भरले तर प्रत्येक खुणेला अडीचपट औषध शरीरात जाते आणि साखर जीवघेणी उतरू शकते. उलट केले तर मात्रा चाळीस टक्क्यांवर येते. येथे डोक्यात हिशेब करून जुळवून घेण्याचा प्रयत्न करू नये, सिरिंजच बदलावी.

जलसंजीवनीच्या पुडीतही हीच तीव्रता सांभाळायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, आणि पेलाभर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही बाजारात मिळतात. मोठी पुडी दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात विरघळवली तर मिठाचे प्रमाण पाचपट होते आणि जुलाबाने सुकलेल्या मुलाला ते अपायकारक ठरते. पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा घ्यावे. येथे सपाट या शब्दावर जोर आहे. शिगेचा चमचा सपाटाच्या सहज दीडपट-दुप्पट भरतो.

शेतातील फवारणीतही तीव्रताच मोजायची असते, फक्त चमच्याच्या जागी पंप येतो. शिफारस कधी दहा लिटर पाण्याला इतके मिलिलिटर, कधी एकरी इतके, कधी हेक्टरी इतके अशी असते, आणि पाठीवरचा पंप मात्र पंधरा किंवा सोळा लिटरचा असतो. कोणतीही शिफारस आधी एका लिटरवर आणावी आणि मग पंपाच्या लिटरने गुणावे. हेक्टरी २५० मिलिलिटर औषध ५०० लिटर पाण्यातून, म्हणजे लिटरला अर्धा मिलिलिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला साडेसात मिलिलिटर. शिफारस टक्क्यांत असेल तर पाण्याचे मिलिलिटर गुणिले हवी ती टक्केवारी भागिले डब्यावरची टक्केवारी, असे गणित मांडावे : ३० टक्के तीव्रतेच्या औषधाचे ०.०५ टक्क्यांचे द्रावण पंधरा लिटर हवे असेल तर १५,००० गुणिले ०.०५ भागिले ३०, म्हणजे २५ मिलिलिटर औषध लागते. या गणितात औषधाची घनता एक धरलेली असते, आणि शेतातल्या अचूकतेला ते पुरते.

भुकटीच्या औषधांना मात्र हे पुरत नाही. एक टोपण औषध ही गावातली बोली पातळ औषधापुरती ठीक आहे. पण पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीची स्थूल घनता कंपनीगणिक बदलते, आणि टोपणभर भुकटी म्हणजे किती ग्रॅम हे तोलल्याशिवाय सांगता येत नाही. मोठ्या प्रमाणात हिशेब सोपा होतो, कारण शंभर लिटर पाणी म्हणजे जवळपास शंभर किलो : एक टक्का बोर्डो मिश्रणाला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, पाच टक्के निंबोळी अर्काला शंभर लिटरला पाच किलो निंबोळी पावडर. द्राक्षबागांत संजीवकांची मात्रा पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग अशी सांगतात. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे एक पीपीएम, म्हणून शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जिबरेलिक आम्ल म्हणजे दहा पीपीएम. नाशिक-सांगलीकडचे बागायतदार हे गणित तोंडी करतात. नवख्याने कागदावर करावे, कारण येथे दशांश चिन्ह एक घर सरकले की घडांचा हंगाम जातो.

इतक्या लहान वजनांसाठी काटाही तसाच लागतो. स्वयंपाकाचा काटा एकेक ग्रॅमने पुढे सरकत असेल तर त्याने दाखवलेले तीन ग्रॅम प्रत्यक्षात अडीच ते साडेतीन यांमधले काहीही असू शकतात, म्हणजे सहाव्या हिश्शाइतकी चूक संभवते. उपाय असा की पुष्कळ एकत्र तोलून भागावे : यीस्टचे वीस सपाट चमचे तोलून वीसने भागले की एका चमच्याचे वजन बऱ्यापैकी कळते, आणि बियाण्याचे वजनही हजार दाणे एकत्र तोलूनच ठरवतात. काटा खरा आहे की नाही हे पाहायला दहा मिलिलिटरच्या सिरिंजने दहा वेळा पाणी घालावे. शंभर ग्रॅमच्या आसपास आकडा यायला हवा. घरगुती काट्याला हे पुरे. दुकानातल्या काट्यावर मात्र वैध मापन शास्त्र यंत्रणेचा मुदतीतला पडताळणी शिक्का असावा लागतो, आणि तो पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

सोन्याच्या व्यवहारात लहान वजनांचा प्रश्न सर्वांत महाग पडतो. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा ही जुनी रीत. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरला, म्हणजे ११.६६४ ग्रॅमचा, आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा होता. त्यावरून मासा ०.९७२ ग्रॅमचा आणि गुंज सुमारे ०.१२१५ ग्रॅमची होते. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली गेली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यानंतर सराफ बाजाराचा भाव दहा ग्रॅमवर बोलला जाऊ लागला आणि आज महाराष्ट्रात तोळा म्हटले की दहा ग्रॅमच समजतात. नव्या खरेदीत त्याने काही बिघडत नाही, कारण पावतीवर ग्रॅमच असतात. प्रश्न येतो जुन्या याद्या, वाटणीपत्रे आणि मृत्युपत्रे वाचताना. १९५० च्या आधीच्या कागदावर वीस तोळे लिहिले असतील तर ते २३३ ग्रॅम धरावेत. दोनशे धरले तर तेहतीस ग्रॅम सोन्याचा हिशेब जुळत नाही आणि घरात उगाच संशय शिरतो. साडेतीन तोळे दोन मासे म्हणजे ४२.७७ ग्रॅम. याउलट १९८० नंतरच्या घरगुती चिठ्ठीत तोळा बहुधा दहा ग्रॅमचाच असतो. मधल्या काळातल्या कागदासाठी दागिना हाती असेल तर तो तोलून पाहणे हाच खात्रीचा मार्ग. (बाजारातला पावशेरही असाच बदलला : जुना २३३ ग्रॅमचा, आताच्या बोलीतला २५० ग्रॅमचा.)

आंतरराष्ट्रीय भाव औंसाला सांगतात तो ट्रॉय औंस, ३१.१०३५ ग्रॅमचा. तो स्वयंपाकाच्या औंसाइतका धरला तर भाव जवळपास दहा टक्क्यांनी चढा निघतो. कॅरट या शब्दानेही दोन वेगळ्या गोष्टी मोजतात : हिऱ्याचा कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम वजन, तर सोन्याचा कॅरट म्हणजे चोवीस भागांपैकी शुद्ध सोन्याचे भाग, म्हणून बावीस कॅरटच्या दहा ग्रॅम दागिन्यात शुद्ध सोने ९.१६ ग्रॅम असते आणि हॉलमार्कवर ९१६ हा आकडा येतो.

घनतेचा एक उपयोग मात्र थेट सोन्यावरच करून पाहता येतो. एका शतांश ग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करावा आणि दागिना बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरावा. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर दागिन्याचे आकारमान. दागिन्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की घनता मिळते. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरटची मिश्रणानुसार साडेसतरा-पावणेअठराच्या जवळपास, चांदीची १०.५ आणि पितळेची साडेआठच्या आसपास असते. दहा ग्रॅमची बावीस कॅरटची भरीव बांगडी ०.५७ मिलिलिटर दाखवील, पितळेची १.१८. एक ग्रॅमच्या अंगठीवर हा प्रयोग करण्यात अर्थ नाही, कारण तिथे काट्याची चूकच उत्तराचा सहावा हिस्सा गिळून टाकते. पोकळ मणी, लाख भरलेल्या पाटल्या आणि खडे बसवलेले दागिने यांतही आकडा फसवा येतो, आणि तोही खऱ्या सोन्याला कमअस्सल ठरवणाऱ्या बाजूला. उलट टंगस्टन या धातूची घनता १९.२५ असल्याने त्यावर सोन्याचा मुलामा दिलेले वळे या परीक्षेतून सहज पार पडते. तिथे घनता मोजण्यापेक्षा दागिन्यावरची सहा अक्षर-अंकांची एचयूआयडी खूण भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासावी, आणि तरीही शंका उरली तर दागिना परखणी केंद्रात न्यावा.